मागच्या चाकाची तीन ठिगळं

"आत्या, मागचं चाक परत बसलं!"

भोपळ्याची आरोळी थेट माळ्यावर पोचली. टिचकी तिथे जुनं हेल्मेट शोधत होती. ती शिडीवरून निम्मी उतरली, निम्मी घसरली आणि धावत अंगणात आली. आत्याची मोटारसायकल भिंतीपाशी कलती उभी होती आणि तिचा मागचा टायर जमिनीवर पसरला होता. मंगळवारी हेच, बुधवारी हेच. आज गुरुवार, आणि उद्या सकाळी सहाला निघायचं होतं!

निघायचं होतं दीपगृहाला. आत्या रुग्णालयात परिचारिका होती आणि तिला मोठ्या मुश्किलीने दोन दिवसांची रजा मिळाली होती. ते दीपगृह तिच्या मैत्रिणीच्या ताब्यात होतं आणि पुढच्या आठवड्यात मैत्रिणीची बदली व्हायची होती. वरच्या दिव्यापर्यंत चढू देणारं ओळखीचं माणूस पुन्हा मिळणार नव्हतं. गाडीची मागची सीट एक आणि सुट्टीला जमलेली मुलं तीन. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा बारा वर्षांच्या टिचकीची चिठ्ठी निघाली.

तिचा धाकटा भाऊ भोपळा पाच मिनिटं रडला आणि विसरला. (हे नाव त्याला गणिताच्या एका पेपरामुळे मिळालं होतं.) काकांचा मुलगा वकील मात्र रडला नाही. तो तेरा वर्षांचा होता आणि वाद घातल्याशिवाय त्याने आजवर पाण्याचा पेलासुद्धा उचलला नव्हता. चिठ्ठ्या नीट हलवल्याच नाहीत, हे तो तासभर सिद्ध करत बसला. कुणी ऐकेना, तेव्हा चिडून म्हणाला, "थांब, मी गाडीची हवाच काढतो!"

हे झालं सोमवारी. मंगळवारी चाक बसलं.

"तीन दिवसांत तीन पंक्चर!" काका अंगणात येत म्हणाले. "असं आपोआप होत नसतं."

काका हे आत्याचे मोठे भाऊ. नोकरी टपाल कार्यालयात, पण जीव सगळा पान्या-पक्कडीत. घरातलं घड्याळ, नळ, पंखा, सगळ्यांवरून त्यांचा हात फिरला होता. हात फिरल्यावर त्यातलं काही सुधारलं, असं मात्र घरात कुणी शपथेवर सांगितलं नसतं.

"रस्त्यात खिळे असतील," टिचकी म्हणाली.

"छे!" भोपळा म्हणाला. "काल मी दोरीला लोहचुंबक बांधून सगळी गल्ली पालथी घातली. एक चमचा, दोन पिना आणि कुणाचा तरी दात!"

"दात लोहचुंबकाला कसा चिकटेल?" वकिलाने लगेच हरकत घेतली.

"चिकटला नाही. शेजारी पडला होता. मी उचलला."

"गप्प बसा!" काका म्हणाले. त्यांचे डोळे वकिलावर खिळले होते. "खिसे रिकामे कर."

खिशातून रुमाल निघाला, पेन्सिलीचा तुकडा निघाला आणि शेवटी निघालं कर्कटक. त्याचं टोक उन्हात चमकलं.

"भर सुट्टीत हे कशाला लागतं रे?"

"बागेतल्या बाकावर नाव कोरत होतो," वकील पुटपुटला.

"बाकावर की ट्यूबमध्ये? पंक्चरवाले आजोबा म्हणाले ना, टाचणीएवढं भोक आहे! टिचकी, तू सांग. गाडीची हवा काढतो, असं हा म्हणाला की नाही?"

सगळे तिच्याकडे बघत होते.

"म्हणाला," ती म्हणाली.

वकिलाने तिच्याकडे पाहिलं. एरवी एका वाक्याला चार उत्तरं देणारा हा मुलगा गप्प राहिला, हे टिचकीला फार लागलं.

"वर जा!" काका गरजले. "उरलेली सुट्टी घरात. खोलीबाहेर पाऊल टाकलंस तर बघ!"

वकील जिना चढून गेला. आत्याने उसासा टाकला. "दादा, कुणी केलं ते तू बघ. पण हे चाक आज संध्याकाळपर्यंत टिकलं नाही, तर मी निघणार नाही. अर्ध्या रस्त्यात पोरीला घेऊन बसू की काय?"

पंक्चरवाल्या आजोबांचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. आत्याने गाडी ढकलली, टिचकीने मागून जोर लावला आणि भोपळ्याने तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. आजोबांनी मान वर न करता विचारलं, "परत?"

"परत," आत्या म्हणाली.

आजोबांचा हात मात्र झरझर चालला. त्यांनी चाक काढलं, टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली, तिच्यात थोडी हवा भरली आणि ती पाण्याच्या टबात बुडवून फिरवायला लागले. एका जागी बुडबुडे आले.

"हे बघ भोक. घासतो, चिकटवतो, झालं."

"पण आजोबा, पडलं कशानं?" टिचकीने विचारलं.

"ते मला कोण विचारतं? लोक म्हणतात भोक बुजवा, मी बुजवतो."

ते तिसरं ठिगळ चिकटवू लागले. टिचकी ट्यूब धरून बसली होती. तिच्या डोळ्यांपुढून वकिलाचा चेहरा हलत नव्हता. खरं सांगायचं तर तिलाही शंका आली होती. त्यानेच केलं असेल तर? पण मग त्याने वाद का घातला नाही? वकील चोरी करताना पकडला गेला असता, तरी चोरी म्हणजे नेमकं काय, यावर भांडला असता!

विचार करता करता तिची बोटं ट्यूबवरून फिरत होती. मंगळवारचं ठिगळ, बुधवारचं ठिगळ, आजचं ओलं ठिगळ. तिन्ही एका तळहाताखाली मावतील इतकी जवळ होती. आणि त्यांच्याच रांगेत हवा भरायचा व्हॉल्व्ह होता.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "व्हॉल्व्ह चाकाच्या आतल्या बाजूला असतो ना? लोखंडी रिमच्या बाजूला?"

"मग काय रस्त्याच्या बाजूला असेल? फिरताना आपटेल की!"

"म्हणजे ही भोकंसुद्धा रिमच्या बाजूला आहेत! बाहेरून कुणी कर्कटक टोचलं, तर ते टायरमधून ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला लागेल. आतल्या अंगाला कसं पोचेल?"

आजोबांचा हात थांबला. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, ट्यूब उलटीपालटी करून पाहिली, मग रिम मांडीवर घेऊन आतून बोट फिरवलं.

"आई गं!"

बोटावर रक्ताचा थेंब उभा राहिला. रिमच्या आत तीन आऱ्यांची टोकं वर आली होती. तांदळाच्या दाण्याएवढीच, पण चांगली धारदार.

"आऱ्या कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळल्यात," आजोबा बोट चोखत म्हणाले. "तरी एवढ्यानं भागलं असतं. रिमवर रबरी पट्टी असते, ती ट्यूबला सांभाळते. ती पट्टीच नाही इथं, म्हणून ट्यूब हळूहळू घासून आता एकेक भोक पडतंय."

"कधीपासून नाही?"

"मंगळवारीही नव्हती. मी म्हटलं, तुमच्या घरची पद्धत असेल."

आत्याने डोक्याला हात लावला. "आजोबा, तीनदा चाक उघडलंत, एकदाही सांगितलं नाहीत?"

"तीनदा तुम्हीही घाईतच होता की," आजोबा म्हणाले. पण कानशिलं लाल झाली होती त्यांची.

"पट्टी दिसते कशी?" टिचकी उठलीच होती.

"काळी, बोटभर रुंद, गोल. व्हॉल्व्ह जायला एक भोक असतं तिला. ती मिळाली तर घेऊन ये. तोवर मी कानशीनं ही टोकं घासून ठेवतो."

टिचकी आणि भोपळा जिन्यावरून एका वेळी दोन पायऱ्या चढले. वकील खिडकीपाशी पाठमोरा बसला होता.

"मला बोलायचं नाहीये," तो म्हणाला.

"नको बोलूस, नुसतं ऐक!" टिचकीने धापा टाकत सगळं सांगितलं. ठिगळं, व्हॉल्व्ह, आऱ्या, पट्टी. ऐकता ऐकता वकील तिच्याकडे वळला. पट्टीचं वर्णन ऐकल्यावर तो पुन्हा खिडकीकडे वळला आणि आ वासून बघतच राहिला.

वाऱ्याने खिडकीचं दार आपटायचं, म्हणून कुणीतरी त्याची कडी गजाला बांधून टाकली होती. बांधली होती एका काळ्या रबराने. बोटभर रुंद. एका वेढ्यात एक गोल भोक स्पष्ट दिसत होतं!

"तासभर हिच्याकडेच बघत बसलोय मी," वकील म्हणाला.

"बांधली कुणी?" भोपळ्याने विचारलं.

वकील उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आता त्याचा नेहमीचा रंग चढला होता. "सोडवू नका तिला. आत्या आली की मला खाली बोलवा. चार प्रश्न विचारायचेत."

आत्या आल्यावर काका आधी नाहीच म्हणाले. "गुन्हेगारानं प्रश्न विचारायचे नसतात!"

"दादा, चारच आहेत," आत्या म्हणाली. तिने वाटेतच काय ते ओळखलं होतं, पण तोंडाला कुलूप लावलं होतं.

वकील ओसरीवर उभा राहिला. "बाबा, मोटारसायकलच्या रिम चंदेरी रंगवल्यात त्या किती छान दिसतात! कुणी रंगवल्या?"

काकांचा चेहरा खुलला. "मी! दोन आठवडे झाले. कारखान्यात इतकं सफाईदार काम होत नाही."

"टायर न काढता रंगवल्या?"

"वेडा आहेस का? आधी टायर काढला, मग ट्यूब काढली. मग आऱ्या ढिल्या वाटल्या, त्या चांगल्या कचकचून आवळल्या."

"कचकचून?" भोपळा मध्येच ओरडला.

"कचकचून! मग ती काळी पट्टी..."

काका थांबले.

"तिसरा भोपळ्याने विचारलाच. आता चौथा प्रश्न," वकील अगदी शांतपणे म्हणाला. "ती पट्टी परत बसवलीत का?"

काकांची नजर हळूहळू वर गेली, वरच्या मजल्यावरच्या त्या खिडकीकडे. मग खाली आली.

"मला वाटलं, ती जास्तीची आहे," ते कसेबसे म्हणाले.

आत्याला हसू आवरेना. भोपळा तर लोळायचाच बाकी होता. टिचकी मात्र हसली नाही आणि वकीलही हसला नाही. काका खाली बघत उभे होते. आज पाऊस नाही, असं काहीतरी ते म्हणाले. पक्कड या खिशातून त्या खिशात टाकली. मग मुलापुढे येऊन उभे राहिले.

"मी चुकलो," ते म्हणाले. "नीट न बघता सगळ्यांसमोर तुझ्यावर आळ घेतला. म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. तू काही केलं नव्हतंस."

काकांच्या तोंडून 'मी चुकलो' हे शब्द त्या घरात आजवर कुणी ऐकले नव्हते. वकिलाने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी आधीच बांधलेली होती.

खिडकी सोडवली, पट्टी रिमवर बसली आणि आऱ्यांची टोकं साफ झाली. आजोबांनी हवा भरून चाकावर दोन थापा मारल्या. "चाळीस वर्षं भोकं बुजवतोय," ते आत्याला म्हणाले, "पण भोक कुठल्या बाजूला आहे, हे बघायला या पोरीनं शिकवलं. मोठी झाली की हिला दुकानात बसवा, मी टब धरतो!"

संध्याकाळ झाली तरी चाक तसंच टणक होतं. अंगणात टिचकी पिशवी भरत होती. वकील येऊन पायरीवर बसला.

"मी 'म्हणाला' म्हटलं ना," टिचकीने शेवटी सुरुवात केली, "ते खरं होतं."

"होतंच. मी म्हणालो होतो."

"मग रागावलास का?"

वकील बोटं मोडत राहिला. "खरं बोललीस त्याचा राग नाही. पण एवढंच बोलून थांबलीस. तो म्हणाला, पण तो असं करणार नाही, असं म्हणायचं होतंस."

टिचकीचं तोंड उतरलं. पटकन काहीतरी गोड बोलून मोकळं होता आलं असतं, पण तिने तसं केलं नाही.

"मला तेव्हा खात्री नव्हती," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता आहे. सगळ्या घरासमोर सांगेन."

वकिलाने थोडा वेळ विचार केला. विरोधात मुद्दा शोधत असावा. सापडला नाही बहुधा.

"चालेल," तो म्हणाला. मग उठला, तिच्या हातातून पिशवी घेतली, "अशी कुणी बांधतं का!" म्हणत सगळं सामान बाहेर काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला बसला. टिचकी त्याच्या शेजारी बसली आणि एकेक वस्तू त्याच्या हातात देऊ लागली.