काटेमाशाच्या घरट्यावर फेस

"फोम परत आला! रन!" समर ओरडला आणि तिघंही ओढ्याकडे धावत सुटली.

इंग्लंडमधल्या मेडनहेड गावात त्यांच्या गल्लीमागून तो ओढा वाहतो. मे महिन्यातली हाफ-टर्मची सुट्टी लागल्यापासून ईशिता, तिचा धाकटा भाऊ समर आणि शेजारचा कुश तिथेच पडीक होते. काठाशी एका काटेमाशाने घरटं बांधलं होतं ना! या माशांमध्ये अंडी बाबा सांभाळतो. लाल पोटाचा तो बोटभर बाबा दिवसभर पर हलवून अंड्यांना ताजं पाणी घालायचा. आज मात्र घरट्यावर फेसच फेस होता आणि बाबा वर येऊन तोंड उघडत होता.

"ही मरेल आता!" कुश रडवेला झाला.

"ही नाही, हा!" समरने चूक काढली.

"व्हॉटेव्हर! मरेल ना?"

फेस एका पाइपातून येत होता आणि पाइप आला होता त्यांच्याच गल्लीकडून. गल्लीत रोज गाडीला अभ्यंगस्नान घालणारा माणूस एकच, कमलाकरकाका!

"काका, तुमचं साबणाचं पाणी ओढ्यात जातं," ईशिता म्हणाली.

"हॅ! ही जाळी दिसत्ये ना? पाणी गटारात जातं आणि तिथून सांडपाण्याच्या प्लँटमध्ये. काउन्सिल टॅक्स कशाला भरतो मी? पुरावा आणा, पुरावा!"

तिघं तोंडं पाडून घरी आली. पाहुण्या आलेल्या सुचेतामावशीला त्यांनी सगळं सांगितलं. ती नुकतीच इंडोनेशियातल्या जावा बेटावर बदुय आदिवासींच्या डोंगरात राहून आलेली.

"त्यांच्या आतल्या गावांत नदीत साबण, शाम्पू, टूथपेस्ट काही चालत नाही. पाहुण्यालासुद्धा!" ती म्हणाली. "डोंगर मोडायचा नाही, दरी नासवायची नाही, असं तिथली वडीलधारी माणसं सांगतात."

"मग काकांना रिठे देऊ या! नॅचरल!" ईशिता म्हणाली.

"अगं, रिठ्याच्या पाण्यानेही मासे मरतात! आधी त्या जाळीतलं पाणी कुठे जातं ते काकांना दाखवा."

समरची नजर ओट्यावर गेली. कोशिंबिरीसाठी बीट उकडलं होतं. त्याने ते पाणी बादलीभर पाण्यात मिसळलं.

"काका, मासा बघायला चला ना!" ईशिताने लाडीगोडी लावली.

काका आले, वाकले आणि विरघळलेच. "एकटाच राखतोय होय पोरांना? शाबास रे पठ्ठ्या!"

ईशिताने कोपऱ्यावरच्या कुशला हात केला, कुशने समरला. थोड्याच वेळात पाइपातून लालभडक पाणी आलं!

"बाप रे! रक्त! पोलिसांना बोलवा!"

"बीट आहे, काका. समरने तुमच्या दारातल्या जाळीत ओतलं. आत्ताच!"

काकांचा चेहराच उतरला. "म्हणजे रोज मीच याच्या घरात..." मुलांनाही मग वाईट वाटलं.

त्यानंतर फेस आला नाही. सुट्टी संपता संपता घरट्याभोवती केसाएवढी पिल्लं वळवळू लागली. बाबा त्यांना सारखा घरट्याकडे हाकत होता!

"बदुय आजोबांनी तुमची पाठ थोपटली असती," मावशी म्हणाली. तिघांची छाती फुगली.

आणि काकांची गाडी? तिच्यावर धुळीचा थर चढलाय. मागच्या काचेवर काकांनीच बोटाने लिहिलंय, 'बाळंतघर जवळ आहे. गाडी धुणार नाही!'