स्टँडवरचा फोन

कुबड्या भिंतीला टेकवून शिलाईवाली तपासनीस बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसली. चूक आपलीच असेल, असंच तिने आधी सांगून टाकलं.

ती गणवेशांच्या कारखान्यात मशीन चालवायची. दोन महिन्यांपूर्वी, भर दुपारी, पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडताना औषधं पोचवणाऱ्या गाडीने तिला उडवलं आणि ती गाडी खांबावर आदळली. शिलाईवालीचं उजवं पाऊल गेलं. गाडीची विमा कंपनी म्हणत होती, चालक फोनवर बोलत होता, पण फोन हातात नव्हता, गाडीतल्या स्टँडवर होता. शिलाईवालीच धावत आडवी आली.

"स्टँडवर काय, हातात काय, बोलणं ते बोलणंच," हवालदार म्हणाले. पोलिसातून निवृत्त होऊन ते तपासनीस बाईंच्या हाताखाली आले होते.

"हातात धरायला कायद्याने बंदी आहे, हवालदार," बाई म्हणाल्या. " हातात होता हे ठरलं, तर कायदा मोडला हाच निष्काळजीपणाचा पुरावा. मग कंपनीला पळवाट शोधावी लागेल."

आधी ते दोघं चालकाच्या घरी गेले. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. इस्पितळातून तो परवाच आला होता. अपघातानंतर गाडी त्याच्या नजरेसही पडली नव्हती. स्टँड वर्षभरापासून आहे, एवढं तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

गाडीचे मालक मात्र मोकळेपणाने बोलले. अंगठ्याला चिकटपट्टी होती, तीच नाचवत त्यांनी गाडी दाखवली. पुढची काच फुटली होती, ती गेल्या आठवड्यात स्वतः समोर उभं राहून बदलून घेतली. किल्ली त्यांच्याच खणात, त्यांच्याशिवाय कुणाचा हात गाडीला लागलेला नाही. हवालदारांनी डॅशबोर्डवर चिकटवलेल्या स्टँडच्या कडेवरून बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. रक्ताचा थेंब आला होता. बोट तोंडात घालून त्यांनी गाडीला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. विमा अधिकारीही आले. त्यांच्या देखत बाईंनी स्टँड उचकटला. खालच्या गोंदात काचेचे कण रुतले होते.

"काच फुटली अपघातात. स्टँड आधीपासून असता, तर कण त्याच्या आजूबाजूला पडले असते. हे खाली आहेत, म्हणजे स्टँड नंतर चिकटवला. चालक इस्पितळात होता, किल्ली मालकांच्या खणात. आणि काल कण हवालदारांना टोचला, तसाच स्टँड दाबून बसवताना आणखी कुणाला तरी टोचला."

मालकांनी अंगठा मुठीत घेतला, पण उशीर झाला होता.

"फोन कुठे होता?" बाईंनी चालकाला विचारलं.

तो म्हणाला, "हातात. कॉल मालकांचाच होता. तीनदा वाजला, चौथ्यांदा उचलला. नाही उचलला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतात." शिलाईवालीकडे न बघता त्याने पुढचं सांगितलं. "या धावल्या नाहीत. मला दिसल्याच नाहीत."

विमा अधिकाऱ्यांनी त्याचा जबाब लिहून कागद पुढे केला. भरपाईचा दावा आता अडवता येणार नाही, मालकालाही उत्तर द्यावं लागेल, असं ते हळू आवाजात म्हणाले. चालकाने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. हवालदारांनी कागद धरून ठेवला होता. त्यांना त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"गेली माझी नोकरी," चालक म्हणाला.

शिलाईवालीने कुबड्या काखेत घेतल्या.

"माझीही," ती म्हणाली.