देदेतचे पाय

बस, सेनी. भाकरी आणि बिअर कोनाड्यात ठेव, मला भूक नाही. गच्चीवरून आलास, बरं केलंस. अंगणातून येऊ नकोस असा निरोप मी मुद्दामच धाडला होता. दिवा जरा माझ्याकडे सरकव.

देदेतला आज सकाळी वाळूत ठेवून आलो. चटईत गुंडाळली, उशाशी मडकं ठेवलं. आपल्यासारख्यांचं एवढंच. तुम्ही सगळे तीस वर्षं म्हणत आलात, या रेनसेनेबची बहीण बिचारी पांगळी, देवाने तिचे पाय घेतले. देवाने नाही रे. मी घेतले.

त्या वर्षी आम्ही डोंगरात सुभेदार सेबेकूचं थडगं रंगवत होतो. सुभेदार अजून जिवंत होता, पण खंगत चालला होता, म्हणून कामाची घाई. गेरू संपला म्हणून मी नदी ओलांडून त्याच्या वाड्यातल्या कोठारावर गेलो. तो ओसरीत पडला होता आणि देदेत त्याचे पाय चेपत हळू आवाजात गात होती. तेच तिचं काम. वैद्य झाले, मांत्रिक झाले, पण तिच्याशिवाय त्या माणसाचा डोळ्याला डोळा लागत नसे.

"काय रे चित्रकार," डोळे न उघडताच तो म्हणाला, "खालच्या खोलीत, माझ्या शवपेटीशेजारी, हिला काढ. नावासकट. तिथे मला झोप कोण लावणार?"

देदेत माझ्याकडे बघत होती. तिची बोटं मात्र थांबली नाहीत. मी "जी सरकार" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जिवंत माणसाला खाली नावासकट काढलं की काय होतं, ते आम्हा रंगाऱ्यांना ठाऊक होतं. याच्या बापाच्या थडग्यात त्याच्या न्हाव्याला असंच काढलं होतं. धडधाकट गडी. धन्याला पुरल्यावर महिन्याच्या आत गेला, आणि जाताना सारखा वस्तरा मागत होता.

आता आमच्या कामातली एक रीत ऐक. वरच्या मोठ्या खोलीत शिकार, कुस्ती, मळणी, हवं ते काढा. पण तिथून विहिरीसारखा खड्डा खाली पेटीच्या खोलीत उतरतो, आणि त्या खोलीतल्या चित्रलिपीत अक्षर म्हणून साप आला तर तो मधून तोडून काढायचा, पाखरू आलं तर त्याला पाय द्यायचे नाहीत. अर्धवट काढलेलं जागचं हलत नाही. पुरं काढलेलं, अंधारात, हलतं.

दुसऱ्या दिवशी मी चरबीत भिजवलेल्या तीन वाती घेऊन दोराने खाली उतरलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. खाली दिव्यापलीकडे स्वतःचा हात दिसत नव्हता. आधी सुभेदार काढला, भिंतभर उंच, गेरूच्या अंगाचा, चालत निघालेला. धनी पुराच काढायचा असतो, त्याला उठायचं असतं ना. तोंड उजवीकडे, म्हणून दोन्ही पाय डावे. भिंतीवरच्या माणसाचे आम्ही दोन्ही अंगठे बघणाऱ्याकडे दाखवतो, त्यामुळे तसं होतं. नवखे हसतात, मग सवय होते.

मग देदेत काढली. केस, बांगड्या, ती बोटं, झग्याची किनार. आणि तिथेच हात थांबवला.

"झालं का रे?" वरून मुकादम तेती ओरडला. त्याचे गुडघे गेलेले, तो खाली उतरत नसे. "का डुलकी लागली तुला?"

"पोरीचे पाय राहिलेत."

"मग काढ की! ते काय मी वरून टाकू?"

"काढतो," म्हणालो. आणि नाही काढले.

तेवढ्यात शेवटची वात चरचरली आणि विझली. जळक्या चरबीचा वास कोंदला. मी दोर चाचपत होतो, आणि भिंतीकडून... अगदी जवळून... कुणीतरी लांबलचक जांभई दिली.

वर आलो तेव्हा नदीपलीकडून रडारड ऐकू येत होती. सुभेदार नुकताच गेला होता.

मढं सुकवून, गुंडाळून सत्तर दिवसांनी पेटी उतरली, खड्डा दगडांनी भरला. पेटी उतरवणाऱ्यांना पाय बघायची फुरसत कुठे! देदेत घरी आली. मी बदक कापलं, आणि खरं सांगतो, स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होतो.

तिसऱ्या दुपारी सारं गाव निजलेलं असताना तिने मला हलवलं.

"दादा... हाक येतेय."

"जाऊ नकोस."

"जावंसं वाटतंय रे. पण पाय..."

मी हात लावून पाहिला. झग्याच्या किनारीपासून खाली दोन्ही पाय भिंतीसारखे गार होते. त्यानंतर ती कधी उभी राहिली नाही. मी रात्रभर रडलो, आणि मनातून म्हणालो, पाय गेले तर गेले, जीव तर वाचला.

एका गोष्टीचा विचार मी केलाच नव्हता. तिला जाता येत नव्हतं, पण त्याला यायला काय हरकत होती?

आठवड्याने दुपारी कामावरून लवकर परतलो. दार लोटलेलं. आत देदेत गात होती, ओसरीवरचं तेच गाणं. अंगणातल्या धुळीत अनवाणी पावलं दारापर्यंत आली होती. डावं, पुन्हा डावं, पुन्हा डावं. बाहेर जाणारं एकही नव्हतं.

आत ती एकटीच होती. तळहात लालभडक. मी बाभळीच्या डिंकात घोटलेला तोच गेरू.

"हळू," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय."

तीस वर्षं, सेनी. रोज दुपारी ती गायची, रोज संध्याकाळी मी अंगण झाडायचो. याबद्दल आम्ही बोललो नाही. परवा मात्र ताप चढल्यावर तिने माझा हात धरला.

"तो रोज विचारतो, दादा. तुझे पाय कुणी काढले नाहीत? मी नाव सांगितलं नाही. पण माझी बोटं निरखत बसतो आणि म्हणतो, काढणाऱ्याचा हात फार मऊ असणार..."

काल ती गेली. आज सकाळी तिला ठेवून आलो, अंगणात नदीकाठची ओली वाळू पसरली, झाडूने सारखी केली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून मी बाहेर पाऊल टाकलेलं नाही, आणि कुणाला अंगणातून येऊही दिलेलं नाही. दुपारी माझा डोळा लागला होता. जागा झालो तर माझे तळहात असे लाल झाले होते. बघ. गेरू घासून निघत नाही.

आता दिवा उचल आणि दार थोडंसंच उघड. वाळूवर पावलं असतील. त्यात एखादं तरी उजवं आहे का, तेवढं बघून सांग. आणि सांगशील ते हळू आवाजात सांग.