पुलाअलीकडची वाट

चुलीवरचे चेस्टनट उलथत नेल्लोआजोबा म्हणाले, "ओत्ताव्योला मी ओळखत होतो, म्हणून सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

पोरे चुलीजवळ सरकून बसली.

२०२२ सालच्या नोव्हेंबरची दहा तारीख, गुरुवार. जुने कागद सांधणारा ओत्ताव्यो टेकडीवरच्या चर्चमधले पाचशे वर्षांपूर्वीचे चित्र दुरुस्तीसाठी घरी घेऊन आला. शाईने रेखाटलेले हेच आपले गाव: मनोरा, चार घरे आणि पुलाशी संपणारी वाट. माणूस एकही नाही. रविवारी, संत मार्तिनोच्या मिरवणुकीआधी, ते परत द्यायचे होते. फादर सिल्वेस्त्रोंनी बजावले होते, "एक रेघ जरी वाढली, तरी या खोऱ्यात तुला पुन्हा कोणी कागद देणार नाही."

दिवेलागणीला त्याने भिंग लावले. पुलाच्या अलीकडेही वाट होती! फिकट, करडी. ओकच्या झाडावरच्या गाठी उकळून केलेली जुन्या पद्धतीची शाई ताजी असताना अशीच फिकी असते. काळी पडायला तिला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे रेघ आजची.

घरात दुसरे कोण? बायकोचा भाऊ फोस्को. प्रवाशांना 'जुनी' चित्रे काढून विकणारा.

"हात दाखव."

"घ्या, भावोजी. हुंगूनही पाहा. सकाळपासून तुमच्यासाठी कांदेच चिरतोय."

हात स्वच्छ होते. तरी ओत्ताव्योने त्याला खोलीत कोंडले, चावी उजव्या मुठीत आवळली आणि तो चित्रासमोर बसला. तो डावखुरा, उजवा हात कामाचा नव्हे.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटे. दिवा विझला.

मग... पिसाच्या लेखणीची करकर.

"फोस्को?"

भिंतीपलीकडे घोरणे. करकर मात्र जवळ. अगदी जवळ. थांबे... पुन्हा सुरू होई.

त्याने मूठ उघडली नाही.

उजाडले. वाट कागदाच्या खालच्या कडेला पोहोचली होती. तो बसला होता, त्या बाजूला. खरवडावी, तर कागदच फाटला असता.

दार उघडताच फोस्को म्हणाला, "आता कुणाला कोंडाल, भावोजी?"

रविवारी फादरनी चित्र उन्हात धरले. वाट काळीभोर झाली होती.

"हात दाखव, ओत्ताव्यो."

त्याने डावा पुढे केला. स्वच्छ.

"दुसरा."

ओत्ताव्योने उजवी मूठ उघडली.

"मिरवणुकीची मेणबत्ती धरून मी शेजारीच उभा होतो," आजोबा म्हणाले. "तळव्यावर चावीचा वण होता. आणि मधल्या बोटाला, लेखणी टेकते तिथं..."

चेस्टनट करपू लागले होते. कोणी उठले नाही.

"काळा डाग. तीन दिवसांचा."