हातातला दोर

दुकानात माणूस शिरायच्या आधी कापड शिरलं. पांढरं, जाडजूड, खारट वासाचं, आणि एवढं अघळपघळ की टेबलावर मावेना, खुर्च्यांवर मावेना. शेवटी ते दुकान चालवणाऱ्या मावशीच्या पायांपर्यंत जमिनीवर पसरलं. त्याच्यामागून एक उंच तरुण आत आला. कानामागे पेन्सिल, केसांत लाकडाचा भुसा.

"हे शिवून हवंय," तो म्हणाला.

मशिनवर बसलेल्या मावशीच्या भाचीने मान वर केली. "आम्ही पडदे शिवतो. पडदे, अभ्रे, सोफ्याची कव्हरं. हे काय आहे?"

"शीड. माझ्या होडीचं." मग जरा थांबून, "तसं म्हटलं तर पडदाच आहे. खिडकी तेवढी मोठी असते..."

मावशी खोकली. हसू दाबायचं असलं की मावशी खोकते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

फाट वीतभर होती. तिने मागून ठिगळ लावलं, दुहेरी शिवण मारली आणि दोन्ही हातांनी ताणून त्याला दाखवली. "कापड एक वेळ फाटेल, शिवण उसवायची नाही."

आठ दिवसांनी शीड पुन्हा हजर. दुसऱ्या जागी फाटलेलं. त्यानंतर आठ दिवसांनी तिसऱ्या जागी. चौथ्या खेपेला तिने फाटलेली कड उजेडात धरली आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

"कसं फाटलं म्हणालात?"

"वारा फार होता."

"वारा कात्री घेऊन आला होता का? फाटलेल्या कापडाचे धागे ओढले जातात. हे सरळ कापलंय. आणि कात्री बोथट आहे तुमची."

तो कानांपर्यंत लाल झाला. मावशीला खोकल्याची अशी उबळ आली, की ती पाणी प्यायला म्हणून मागच्या खोलीत गेली ती लवकर आलीच नाही.

"पुढच्या वेळी," सुई ओवता ओवता ती म्हणाली, "नुसतेच या. त्या बिचाऱ्या कापडाचे हाल कशाला..."

तो नुसताच येऊ लागला. सुतार होता, दारं-खिडक्या बनवायचा. होडी त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. वडील गेले, होडी राहिली. तिच्याबद्दल बोलायला लागला की त्याचा चहा गार व्हायचा. अशाच एका संध्याकाळी त्याने विचारलं, "तुम्हाला पाणी आवडतं ना?"

"आवडतं की," ती म्हणाली.

घोळ झाला तो इथे. बादलीपेक्षा खोल पाण्याशी तिचा आयुष्यात संबंध आला नव्हता. पण समोर असा माणूस, असे डोळे, आणि त्यात एवढी आशा... त्या क्षणी त्याने वाघ आवडतो का विचारलं असतं, तरी तिने हेच उत्तर दिलं असतं.

लग्न झालं. तिसऱ्या आठवड्यात तो तिला होडीवर घेऊन गेला. मऊ उशी ठेवली होती, शाल होती, थर्मासमध्ये चहा होता. तरंगायचं जाकीट त्याने स्वतः तिला घातलं, एकेक पट्टा तपासून. "तू काही करायचं नाहीस. राणीसारखं बसायचं," तो म्हणाला. मग शिडात वारा भरला आणि होडी कलली. पाणी तिच्या कोपरापाशी आलं. तिने होडीची कड घट्ट धरली.

"काही होत नाही गं."

होडी आणखी कलली.

"अगं, काही होत नाही."

परत येईपर्यंत तो हे चौदा वेळा म्हणाला. तिने मोजलं होतं, कारण मोजण्याखेरीज तिच्याकडे दुसरं कामच नव्हतं. धक्क्यावर ती कशीबशी उतरली. ती तिथेच बसून रडली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला तिचं डोकं दुखत होतं, आणि चौथ्या खेपेला त्याने विचारलंच नाही.

तो एकटाही जाईना. रविवारी घरी थांबून खुर्च्या दुरुस्त करू लागला. मोडलेल्या संपल्या, मग न मोडलेल्या घेतल्या. तोंडातून चकार शब्द नाही. उलट तिला बघून हसायचा, आणि ते हसूच तिला टोचायचं.

एके दिवशी ती डबा घेऊन त्याच्या कारखान्यात गेली. भिंतीला टेकवून एक पाटी वाळत ठेवली होती. कडांना रंधा मारलेला, अक्षरं रेखीव. 'होडी विकणे आहे.'

"हे काय?"

"एक दातांचे डॉक्टर आहेत. पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी बघायला येणार आहेत."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि परत दात-ओठ आवळून होडीत बसली असतीस. ते मला बघवत नाही गं."

तो रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं. रागाला उत्तर देता येतं. आज हा हसत होडी देईल, दहा वर्षांनीही हसतच राहील, आणि दुकानात एवढं मोठं शीड घेऊन शिरलेला तो मुलगा मात्र कुठे दिसणार नाही. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि पाण्यापेक्षा तिला आता तो मुलगा हरवायची जास्त भीती वाटली.

"मला शिकव," ती म्हणाली. "पण 'काही होत नाही' म्हणालास तर मी उतरेन."

"भर पाण्यात?"

"भर पाण्यात."

त्याने हातातला रंधा खाली ठेवला, स्टुलावरचा भुसा झटकून तिला बसवलं आणि विचारलं, "तुला नेमकी कशाची भीती वाटते?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

"बुडायची... म्हणजे तीही वाटतेच. पण माझ्या मशिनवर पाय माझा असतो. मी पाय उचलला की सुई थांबते. तिथे सगळं तुझ्या हातात. होडी कलायला लागली की ती कुठे थांबणार, ते मला कळत नाही. मी आपली उशीवर."

 "चूक माझी," तो म्हणाला. "उशी दिली मी तुला. दोर द्यायला हवा होता."

पहिले चार दिवस होडी धक्क्याला बांधलेलीच होती. दोघं संध्याकाळी तिच्यात बसून चहा प्यायचे. ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायची, मुद्दाम होडी हलवायची, किती हलते ते बघायची. धक्क्यावरच्या राखणदार काकांना राहवेना. "अहो, कुठे जायचं असेल तर आधी सोडावी लागते बरं का," ते वरून म्हणाले.

"आम्ही पोचलो काका," तिने उत्तर दिलं. काका हसत निघून गेले, आणि नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

पाचव्या दिवशी वारा मंद होता. पाण्यात थोडं पुढे गेल्यावर त्याने सुकाणू स्वतःकडे ठेवलं आणि शिडाचा दोर तिच्या हातात दिला.

"हा ओढलास की शीड वारा धरतं. होडी कलते आणि पळते. सोडलास की शीड फडफडतं, होडी सरळ होते, थांबते. सोडून बघ."

तिने सोडला. होडी खरंच सरळ झाली.

"भीती वाटली की सोडायचा. मी कारण विचारणार नाही."

त्या दिवशी तिने अकरा वेळा दोर सोडला. चार पावलं चालून बसकण मारणाऱ्या म्हशीसारखी होडी पुढे सरकत होती. त्याने एकदाही विचारलं नाही, सुस्कारासुद्धा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सात वेळा. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की कापडाचा ताण दोरातून थेट तळव्यात उतरतो. मशिनवरचा धागा सैल आहे की घट्ट, हे तिच्या बोटांना जसं कळायचं, तसंच.

"शीड वरच्या कोपऱ्यात ढिलं आहे," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. खरंच ढिलं होतं. मग त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिच्या हातातून दोर निसटला. तो भीतीत मोजायचा की नाही, यावर परत येईपर्यंत दोघांचं भांडण चाललं होतं.

डॉक्टर यायचा रविवार उजाडला. ते पाचला येणार होते. "त्याआधी एक फेरी मारू," ती म्हणाली. तो हो म्हणाला, पण शीड चढवताना त्याचा हात डोलकाठीवर उगाचच रेंगाळला. तिने ते पाहिलं.

टेकडीच्या आडोशातून बाहेर पडताच वारा अंगावर आला. होडी कलली. पाणी थेट कोपरापाशी, त्या पहिल्या दिवसासारखं. तिने पाय समोरच्या फळीला रेटले.

"हवं तर सोड," तो हळूच म्हणाला.

तिने वर पाहिलं. शिडावर चार ठिगळं होती, तिच्या हातची. सगळा वारा त्यांच्यावर दाबून बसला होता आणि एकही टाका हलत नव्हता. तिने दोर सोडला नाही. हातभर आणखी ओढून घेतला.

होडी सुसाट निघाली. पाण्याचे शिंतोडे दोघांच्या तोंडावर उडाले आणि तो मोठ्याने हसला. त्याचं हे हसू तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले.

परतताना लांबून धक्का दिसला. काकांच्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते.

"आले ते," तो म्हणाला. "काय सांगू?"

"सांग, शिडाचं काम अजून शिवणारीकडे आहे. अर्धवट माल देता येत नाही."

"किती दिवस लागतील म्हणून विचारलं तर?"

"चाळीसेक वर्षं."

 त्याने बाही डोळ्यांवरून फिरवली. पाणी उडालं म्हणे.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते. पाणी आवडतं म्हणून."

"माहीत आहे. पुलावरून जाताना तू मला नेहमी कठड्याच्या बाजूला चालायला लावायचीस."

"मग बोलला का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने बोलणार? मीही खोटं बोललो होतो की."

"ते कात्रीचं? ते मी तेव्हाच पकडलं."

"कात्री नंतर सुचली. पहिली फाट..."

"ती खरी होती. धागे ओढलेले होते तिचे."

"खिळ्यात अडकवून मीच फाडली." तो सुकाणूकडे बघत म्हणाला. "तुमच्या समोरच्या दुकानाला खिडकी बसवत होतो. तीन दिवसांचं काम, दहा दिवस केलं. तू एकदाही मान वर केली नाहीस. म्हटलं, हिच्यासमोर एवढं मोठं काहीतरी न्यावं, की बघावंच लागेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. धक्का जवळ येत होता. काकांचा चेहरा दिसू लागला होता, डॉक्टरांची टोपीही.

तिने दोर सोडला.

शीड फडफडलं, होडी सरळ झाली आणि पाण्यावर नुसती डुलत राहिली.

"काय झालं गं? भीती वाटली?"

"कारण विचारायचं नाही असं ठरलंय आपलं," ती म्हणाली, आणि जपून पाय टाकत, त्याच्या बाजूला येऊन त्याला टेकून बसली.

धक्क्यावरून डॉक्टरांनी हात हलवला. या दोघांनीही हलवला, आणि तिथेच बसून राहिले.