पाठीमागची अंजनाबाई

समोरून

पहाटे जाग आली की सरिता आधी हात लांबवायची. शेजारच्या बाजेवर आई झोपलेली असे. तिच्या नाकाखाली हाताची पालथी बाजू धरायची, ऊन श्वास लागला की हात मागे घ्यायचा.

सरिताचे वडील, सोमाजी, झोपेतच गेले होते. एकाच खोलीत सगळे झोपलेले, आणि उजाडेपर्यंत कुणालाच कळलं नव्हतं. तेव्हापासूनची ही सवय.

"जित्ती आहो वं," अंजनाबाई डोळे न उघडता म्हणायची. "झोप आता. हात लावून लावून शिंक आणशीन मले."

मोहाची फुलं पडायच्या दिवसांत सरिता दरवर्षी ऊर्जानगरहून सुट्टी काढून माहेरी यायची. नवरा अश्वजित म्हणायचा, तू फुलं वेचायला जात नाहीस, आईवर पहारा द्यायला जातेस. तसंच होतं. ब्रह्मपुरीहून जीपने यायचं, आणि गावाची शेवटची घरं संपली की जंगलच. यंदा पलीकडच्या गावातल्या दोन बायका वाघाने नेल्या होत्या. तरी झाडाखाली फुलं पडायची थांबली नव्हती, आणि फुलं पडतात तोवर अंजनाबाई घरी थांबणारी नव्हती.

वाकून वेचणारं माणूस वाघाला चार पायांचं दिसतं, आणि वाघ येतो तो मागून. म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधून जायचं. वाघाला वाटावं, हे आपल्याकडेच बघतंय. वनखात्याने गावात वाटलेले मुखवटे रबरी होते, गोरेपान आणि मिशीवाले.

"तुझा बाप गेला, आता या मिशीवाल्याले पाठीवर घेऊन फिरू काय? लोकं काय म्हणतीन!" अंजनाबाईने तो शेळीच्या खुंट्याला अडकवून ठेवला.

सरिता दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीला श्रीहरीच्या फ्लेक्सच्या दुकानात गेली आणि मोबाइलमधला आईचा फोटो त्याच्यापुढे धरला. दीक्षाभूमीवर काढलेला, पांढऱ्या साडीतला, दात दाखवून हसतानाचा.

"वाढदिवस का श्रद्धांजली?" श्रीहरीने मान वर न करता विचारलं.

"मुखवटा पाहिजे," ती म्हणाली.

त्याने चेहरा माणसाएवढा छापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, कडेने कापून इलॅस्टिक लावलं. अंजनाबाईला तो एकदम आवडला. शेजारची सोमारी बघायला आली आणि म्हणाली, "आता दोन अंजनाबाई! एकीच्याच चहाले साखर पुरत नाई."

मागून

जाणाऱ्या आईची पाठ सरिताला लहानपणापासून पाहवत नसे. आता पाठच तिच्याकडे बघत जाऊ लागली. टोपली डोक्यावर, खाली अंबाडा, अंबाड्यावर हसणारा चेहरा. जंगलाच्या वळणापर्यंत आई लांब जायची आणि आईच बघत राहायची. सरिताला दारात उभ्या उभ्या हसू यायचं.

त्या आठवड्यात तिला गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावर लक्षात यायचं, आज हात लांबवलाच नाही.

समोरून

मुखवटा ओसरीतल्या खुंटीला टांगलेला असे. एके दुपारी सरिताला वाटलं, याचे दात दिसत नाहीत. ओठ मिटलेले. उन्हाने रंग उडाला असेल. डोळ्यांच्या कडा मात्र लाल झाल्या होत्या, आणि लाल रंग उन्हाने उडतो, चढत नाही.

"फोटो काढताना तुझे डोळे आले होते का?" तिने विचारलं.

"डोळे नाई, पाय आले होते. किती चालवलं त्या दिवशी तू मले!"

मागून

चूल पेटत नव्हती. जंगलात निघायच्या घाईत अंजनाबाई मुखवटा बांधूनच, सरिताकडे पाठ करून फुंकत बसली होती. सरिता बाजेवरून उतरायला निघाली.

"पाय खाली नको टेकू. विचू आहे."

सरिताने पाय वर घेतले. बाजेच्या खुराशी खरोखरच विंचू होता. तिने तो खराट्याने मारला आणि मग विचारलं, "तुला कसा दिसला?"

अंजनाबाईने वळून बघितलं. "काय दिसला?"

"तूच म्हणालीस ना."

"मी कुठी बोलली?"

आईच्या तोंडात फुंकणी होती. आता ती हातात होती, पण सरिता पाय वर घेत होती तेव्हा फुंकण्याचा आवाज चालूच होता. तिला तो नीट आठवत होता.

समोरून

अंगणात फुलं वाळत घातली होती. वास इतका गोड की डोकं जड व्हावं. सोमारी फुलं पसरता पसरता म्हणाली, "तू लय फोन करतं बाप्पा मायले."

"मी? जंगलात रेंज कुठे असते?"

"मंग कोण विचारते? बाई खाली वाकली की मांगून चालूच असते. पाणी पेली काय? चक्कर त नाई ना येत? लवकर ये. मले वाटलं, तू लावलं असशीन स्पीकरवर."

शब्द सरिताचेच होते. रोज ऊर्जानगरहून फोनवर ती हेच, याच क्रमाने विचारायची. सोमारीने मग फुलांवरचा हात थांबवून सावकाश सांगितलं, "आवाज मात्र बाईचाच असते."

मागून

त्या सकाळी बायका पळत परत आल्या. टोपल्या नाहीत, चपला नाहीत. सोमारी अंगणातच बसली.

"माय कुठे आहे?" सरिता ओरडली.

"वाघ बसला आहे, वं. बाईच्या मांगं. आम्ही बोंबललो, त तो हलत नाई, अन बाईले ऐकू येत नाई. ती आपली वेचूनच राह्यली."

"आणि तुम्ही तिला सोडून आलात?"

"तिचं मांगचं तोंड बोलून राह्यलं होतं. वाघाकडे पाहून. एकच म्हणे."

"काय?"

"मी जागी आहो. मी जागी आहो."

सरिता धावली. मागून माणसं काठ्या घेऊन निघाली, पण ती सगळ्यांच्या पुढे होती.

वळण आलं.

सागाच्या खोडांमधून आईचा चेहरा दिसला. सरिता थबकली. चेहरा पुढचा की मागचा, तिला कळेना. आई येत होती की जात होती?

चेहरा मोठा होत गेला. त्याच्या मागे वाघ नव्हता.

"काऊन वं, चप्पल नाई घातली?" अंजनाबाई म्हणाली. टोपली शिगोशीग भरलेली होती.

सरिताने तिला मिठी मारली. टोपली कलंडली, फुलं दोघींच्या अंगावर सांडली. सरिताचा हात आईच्या मानेवरून वर गेला. अंबाडा हाताला लागला. इलॅस्टिक तुटून गळ्यात लोंबत होतं.

"मुखवटा कुठाय?"

"आहे ना मांगं," अंजनाबाई म्हणाली.

मोहाच्या झाडाखाली तो नंतर सोमारीला सापडला. पुठ्ठा तोच, कापलेली कडही तीच. फ्लेक्स मात्र कोरा होता. पांढराशुभ्र. छापलंच नसावं तसा.

समोरून

सुट्टीचा शेवटचा दिवस. दुपारच्या जेवणात वांग्याची भाजी आणि भात झाला. अंजनाबाईने सरिताच्या ताटात तीनदा वाढलं आणि तीनदा शिव्या खाल्ल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. कूलरसमोर एकाच चटईवर दोघी आडव्या झाल्या.

"यंदा पुरं झालं जंगल," अंजनाबाई म्हणाली. "खुश?"

"खुश."

"आता माया नाकापाशी हात नको आणू. जा, सुखानं राह्य."

ती भिंतीकडे तोंड करून वळली आणि लगेच घोरायला लागली. सरिता तिच्या पाठीमागे पडून राहिली. पांढऱ्या केसांचा अंबाडा अगदी जवळ होता, खोबरेल तेलाच्या वासाचा. हात उचलून पलीकडे न्यायचा मोह तिने आवरला. आईने आत्ताच नको म्हटलं होतं. हात तिने उशीवर, अंबाड्याजवळ नुसता ठेवला.

आई घोरली. थांबली.

त्या थांबण्यात सरिताच्या हातावर ऊन श्वास आला. मोहाच्या वासाचा.

आई पुन्हा घोरली. थांबली. पुन्हा आला.

सरिताने हात मागे घेतला नाही.