फळीवरचा चेहरा

भर दुपारची वेळ होती. हॉलिवूडच्या एका स्टुडिओत रंगभूषाकार हेझल प्रुइट रंगभूषेच्या खोलीमागच्या अडगळीत एक वस्तू आणायला गेली. अँब्रोज टिल्डन या नटाचा प्लास्टरचा चेहरा. अँब्रोज मंगळवारीच वारला होता.

फळ्यांवर नटांचे चेहरे ओळीनं मांडलेले, सगळ्यांचे डोळे मिटलेले. तोंडावर प्लास्टर ओतून साचा घेताना डोळे मिटावेच लागतात. श्वासासाठी नाकपुड्यांत दोन नळ्या घालतात, त्यांची भोकं प्लास्टरमध्ये कायमची राहतात. खोलीत ओलसर, कोंदट वास भरला होता.

काय छळलं हो या भल्या माणसाला! बावीस वर्षं स्टुडिओनं त्याला लांडगा केलं, प्रेत केलं, कुबडा केलं. रोज पहाटे हेझलच त्याच्या तोंडावर रबर थापायची. एकदा तरी स्वतःच्या चेहऱ्यानं पडद्यावर दिसू द्या, एवढंच त्याचं मागणं. अखेर तसा चित्रपट मिळाला, आणि निम्म्यावर बिचाऱ्याचं हृदय थांबलं. त्याआधी एकदा तो म्हणाला होता, "हेझल, मी गेलो की माझा तो प्लास्टरचा चेहरा फोडून टाक. वचन दे." तिनं दिलं होतं.

मागून निर्माता क्रॅन्डल आला.

"सापडला का? उद्यापर्यंत यावरून मुखवटा कर. दुसऱ्या कुणाला तरी चढवू आणि चित्रपट पुरा करू."

हेझलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, जन्मभर त्याचं तोंड झाकलंत. आता मेल्यावर तेच तोंड दुसऱ्याला घालता? जनाची नाही, मनाची तरी..."

"तो चेहरा स्टुडिओचा आहे. करारात लिहिलंय."

"करार माणसाशी होता. माणूस गेला."

तिनं हातोडी उचलली आणि चेहऱ्याचे तुकडे केले.

क्रॅन्डलचा आवाजही चढला नाही. "सामान उचल नि चालती हो. त्याचे फोटो आहेत माझ्याकडे. त्यावरून दुसरा कुणीही मुखवटा घडवील."

तासाभरानं ती ब्रशची पेटी न्यायला परत आली. अँब्रोजच्या रिकाम्या जागी एक चेहरा होता... तिनं हात लावला. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे अजून गरम होतं.

चेहरा क्रॅन्डलचा होता. तो नट नव्हता, साच्यासाठी कधी बसलाच नव्हता. खाली पेन्सिलीनं त्याचं नाव लिहिलेलं, आणि अक्षर अँब्रोजचं. ते हेझलनं कुठंही ओळखलं असतं.

वरच्या मजल्यावर क्रॅन्डलच्या खोलीतला फोन वाजत होता... वाजतच होता.

तिनं वाकून नाक पाहिलं. नळ्यांची भोकं नव्हती.